लावलेली झाडे आणि उगवलेली झुडपे

एकलहऱ्याच्या वीज केंद्राच्या चिमण्या आम्हां नाशिककरांना अगदी घरच्यासारख्या. १९७० पासून तिथे वीज तयार होऊ लागली, पुढे १९७९ ते १९८१ या काळात २१० मेगावॉटचे ३ संच आले, आणि नाशिकरोड स्टेशनवर उभ्या असलेल्या माणसाला कोळशाने भरलेल्या वाघिणींची लांबच लांब गाडी बघायची सवय होऊन गेली. हा कोळसा मुख्यतः विदर्भातून येतो. तिथली जमीन खणली जाते आणि इथे आपल्या घरात दिवा लागतो. मधल्या शेकडो किलोमीटरांत त्या जमिनीशी असलेला आपला संबंध मात्र पार तुटून जातो.

मी शाळेत इतिहास-भूगोल शिकवत असे. "वर्धा खोऱ्यात दगडी कोळसा सापडतो" हे वाक्य मुलांकडून किती वेळा म्हणवून घेतले असेल त्याची गणती नाही. नकाशात चंद्रपूर, यवतमाळ, नागपूर येथे काळे टिपके द्यायचे की झाला धडा. कोळसा काढून झाल्यावर त्या जमिनीचे काय होते, हे धड्यात नव्हते आणि परीक्षेतही कधी आले नाही. पण माझी थोरली बहीण लग्न होऊन चंद्रपूरला गेली. त्यामुळे दर दोन-तीन वर्षांनी उन्हाळ्यात वा दिवाळीत माझी तिकडे फेरी व्हायची, आणि धड्यात नसलेला भाग डोळ्यांनी बघायला मिळाला. तो भाग असा की, शहराबाहेरच्या सपाट माळावर डोंगर उभे राहत होते. पहिल्यांदा करडे, उघडे, पावसाने ओघळ पडलेले. पुढच्या काही वर्षांत त्यांतले काही हिरवे झाले. भाऊजी स्कूटरवरून दाखवायचे, "बघा, इथे आता जंगल झालंय." खरोखर हिरवेगार दिसायचे. पण ते हिरवे म्हणजे नेमके काय, हा प्रश्न मनात राहिला. निवृत्तीनंतर वेळ मिळाला तेव्हा जमेल तसे वाचत गेले, माहीतगारांना विचारत गेले. त्यातून जे हाती आले ते आज आपल्यापुढे ठेवते आहे.

सुरुवात जरा मागून करायला हवी. वरोरा म्हटले की आपल्याला बाबा आमटे आणि आनंदवन आठवते. पण आनंदवनाच्या कितीतरी आधी, १८७१ साली, वरोऱ्याला सरकारी कोळसा खाण सुरू झाली होती. त्या कोळशासाठीच वर्ध्याहून वरोऱ्यापर्यंत रेल्वेचा फाटा टाकण्यात आला. आगगाडीची इंजिने आणि गिरण्या यांना कोळसा हवा होता आणि बंगालमधून तो आणणे महाग पडायचे. सुमारे ३५ वर्षे ही खाण चालली आणि १९०६ मध्ये बंद झाली. त्याच सुमाराला बल्लारपूरची खाण पुढे आली. वरोऱ्याची खाण बंद झाली तेव्हा त्या जागेवर काय उगवावे, कोणी लावावे, कोणी मोजावे असा प्रश्न कोणाच्या डोक्यातही आला नसेल. त्याला कारणही होते. या खाणी भूमिगत होत्या. माणसे खाली उतरायची, कोळसा वर यायचा, आणि वरची शेती, वरचे रान बहुतेक जागच्या जागी राहायचे. कुठे जमीन खचायची, भेगा पडायच्या, पण डोंगर उभे राहत नव्हते.

चित्र पालटले ते स्वातंत्र्यानंतर, आणि विशेषतः राष्ट्रीयीकरणानंतर. १ मे १९७३ रोजी कोकिंग प्रकारात न मोडणाऱ्या कोळशाच्या खाणी सरकारच्या झाल्या (कोकिंग कोळशाच्या त्याच्या एक वर्ष आधी). १९७५ साली कोल इंडिया स्थापन झाली आणि तिची नागपूरची कंपनी म्हणजे वेस्टर्न कोलफील्ड्स, जिला चंद्रपूरकडे सगळे वेकोलि म्हणतात. विजेची भूक वाढत होती. चंद्रपूरचे महाऔष्णिक वीज केंद्र १९८० च्या दशकात सुरू झाले. भूमिगत खाणीतून इतका कोळसा इतक्या लवकर निघणे शक्य नव्हते. मग खुल्या खाणी आल्या. खुली खाण म्हणजे कोळशाच्या वर जे काही आहे ते सगळे उचलून बाजूला टाकायचे आणि उघडा पडलेला कोळसा यंत्राने भरायचा. एक टन कोळसा हाती यायला कित्येक घनमीटर माती-दगड हलवावे लागतात. ते जिथे टाकले जातात तेच माझ्या बहिणीच्या गावाबाहेरचे डोंगर.

आता इथे थोडा भूगोल सांगते, कारण पुढचे सगळे त्यावर आहे. वर्धा खोऱ्यातला कोळसा गोंडवन काळातला, म्हणजे पंचवीस-सत्तावीस कोटी वर्षांपूर्वीचा. (गोंडवन हे नाव आपल्याच गोंडांच्या प्रदेशावरून जगभर गेले, हे मुलांना सांगताना मला नेहमी बरे वाटायचे.) या कोळशावर वाळूच्या खडकाचे, चिकणमातीचे थर आहेत. त्यांतल्या एका थराला नागपूरजवळच्या कामठीचे नाव आहे. आणि सगळ्यांत वर आहे ती काळी माती, जिच्यात कापूस, तूर, ज्वारी पिकते. ही वरची माती फार तर काही फूट. पण झाडाला लागणारे सगळे त्या काही फुटांत असते. कुजलेला पाला, गांडुळे, न दिसणारे जिवाणू, मुळांना चिकटून राहणारी बुरशी, हे सगळे तिथेच.

खुल्या खाणीत ही थप्पी उलटी होते. सगळ्यांत वरचे आधी उचलले जाते, म्हणून ते ढिगाच्या तळाशी जाते. सगळ्यांत खालचा खडक शेवटी निघतो, म्हणून तो ढिगाच्या माथ्यावर बसतो. वरची माती वेगळी काढून जपून ठेवावी आणि शेवटी पुन्हा पसरावी असा नियम आहे, पण साठवून ठेवलेली मातीसुद्धा वर्षानुवर्षे पडून राहिली की तिच्यातले जीवन मंदावते. त्यामुळे ढिगाच्या माथ्यावर रोपाच्या वाट्याला काय येते? दगडगोटे, भरड वाळू, डंपरच्या चाकांनी दाबून घट्ट झालेला पृष्ठभाग. त्यात नत्र जवळजवळ नाही. पाणी धरून ठेवायची ताकद नाही. मे महिन्यात चंद्रपूरचे ऊन ४५-४६ अंशांवर जाते तेव्हा ते काळे-करडे दगड किती तापत असतील याची कल्पना करा. उतारही उभा असतो. ढिगाचा एकूण उतार २८ अंशांपेक्षा जास्त नको, पायऱ्या पाडाव्यात, अशा अटी पर्यावरण परवानगीत घालतात त्या याचसाठी. नाहीतर पहिल्याच जोरदार पावसात घळी पडतात आणि माती ओढ्यानाल्यांत उतरते.

झाडे लावायचे प्रयत्न सुरू झाले ते १९८० नंतर. त्या वर्षी वन संवर्धन कायदा आला, १९९४ साली पर्यावरण परवानगीची अधिसूचना आली, आणि खाणीला परवानगी हवी तर वृक्षलागवड दाखवणे भाग पडले. मग ढिगांवर खड्डे खणले गेले, बाहेरून आणलेली थोडी माती त्यांत घातली गेली आणि रोपे लागली. कोणती? तर ज्यांना काहीही चालते ती. सुबाभूळ, गिरिपुष्प, ऑस्ट्रेलियन बाभूळ, शिसू. ही झाडे लवकर वाढतात, त्यांतली बरीच हवेतला नत्र जमिनीत धरतात, गुरे काहींना तोंड लावत नाहीत. लावणाऱ्यांच्या अडचणी पाहता या निवडीला नावे ठेवणे सोपे नाही. पण खड्ड्यातले रोप म्हणजे कुंडीतले रोप. आणलेल्या मातीत मुळे असेपर्यंत ते छान वाढते. मुळे खड्ड्याबाहेर पडली की दगड लागतो. तिसऱ्या-चौथ्या उन्हाळ्यात कळते की रोप जगणार की नाही. आणि तोवर अहवाल लिहून झालेला असतो.

याच्या मुळाशी जायचे काम नागपूरच्या नीरी या संस्थेने केले, ही आपण महाराष्ट्रीयांनी अभिमानाने सांगावी अशी गोष्ट आहे. नीरी म्हणजे राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था, १९५८ सालची. तिथल्या डॉ. आशा जुवारकर आणि त्यांचे सहकारी यांनी आधी नागपूर जिल्ह्यातल्या गुमगावच्या मँगनीज खाणीच्या ढिगांवर आणि मग चंद्रपूरजवळच्या पद्मापूरच्या कोळसा खाणीच्या ढिगावर काम केले. त्यांचा विचार साधा होता. झाड लावण्याआधी माती जिवंत करा. पद्मापूरला १० हेक्टरांवर त्यांनी हेक्टरी ५० टन या प्रमाणात सांडपाणी शुद्धीकरणातून निघालेला गाळ घातला, आणि रोपांच्या मुळांशी रायझोबियम, अझोटोबॅक्टर आणि मायकोरायझा बुरशी दिली. (आपल्या दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागायतदारांना ही नावे मी सांगायला नकोत, ते ती पोत्याने आणतात.) त्या ढिगात हे जिवाणू जवळजवळ नव्हतेच, ते पुढे भरपूर वाढले. क्रोमियम, जस्त, शिसे यांसारख्या जड धातूंचा त्रास ३४ ते ४३ टक्क्यांनी कमी झाला. हे सगळे त्यांनी २००८ साली एका आंतरराष्ट्रीय नियतकालिकात प्रसिद्ध केले.

या कामात मला सर्वांत भावले ते म्हणजे त्यांचे मोजणे. त्यांनी लावलेली रोपे मोजलीच, पण मातीही मोजली. त्या मातीत आधी काय होते आणि नंतर काय आले, ते मोजले. म्हणजे जे डोळ्यांना दिसत नाही त्याचीही नोंद ठेवली.

इथे माझ्यातली शिक्षिका जरा बोलणार, चालवून घ्या. शाळेत दोन आकडे असतात. एक पटावरचा आणि एक हजेरीचा. पटावर ६० मुले आणि वर्गात ३५, हे आम्ही सगळ्यांनी पाहिले आहे. ऑक्टोबर २०११ मध्ये सरकारने ३ दिवस सगळ्या राज्यात एकदम पटपडताळणी केली, तेव्हा पटावरची लाखो मुले वर्गात नव्हतीच असे निघाले. झाडांचेही तसेच आहे. "इतकी लाख रोपे लावली" हा पटावरचा आकडा. तो खोटा असतो असे मी म्हणत नाही. पण त्यावरून जमिनीची प्रगती कळत नाही, जशी पटावरून मुलाची प्रगती कळत नाही. त्यासाठी हजेरी घ्यावी लागते, तीही एकदा नव्हे, दर वर्षी.

ही हजेरी घ्यायची रीत शास्त्रज्ञांनी बसवून दिली आहे आणि ती शाळकरी मुलांनाही जमेल इतकी सोपी आहे. जमिनीवर ठरावीक मापाचे चौकोन आखायचे. गवत आणि छोट्या वनस्पतींसाठी १ मीटर बाजूचा, झुडपांसाठी ५ मीटरचा, झाडांसाठी १० मीटरचा. त्या चौकोनात काय काय आहे, किती आहे, किती जागा झाकली आहे ते लिहायचे. पुढच्या वर्षी त्याच जागी जाऊन पुन्हा लिहायचे. असे पाच-दहा वर्षे केले की ती वही बोलू लागते.

आणि ती वही काय सांगते? ती सांगते की रान झाडापासून सुरू होत नाही, झुडपापासून होते. पहिल्या एक-दोन पावसाळ्यांत टाकळा, गाजरगवत, कुसळी गवत येते. मग रुई, निरगुडी, तरवड, बोर. यांना कोणी लावत नाही. वारा आणतो, बकऱ्या आणतात, बुलबुल आणतात. बुलबुलाला बसायला फांदी हवी, फांदीवर बसला की त्याच्या विष्ठेतून बी खाली पडते आणि त्या झुडपाच्या सावलीत पुढचे झुडूप येते. झुडपाखालची जमीन आजूबाजूपेक्षा थंड राहते. तिथे पाला अडकतो, पाला कुजतो, वाहणारी माती थांबते. काटेरी जाळीत वाढणाऱ्या कडुनिंबाच्या रोपाला गुरे पोचत नाहीत. म्हणजे झाडाची दाई झुडूप. म्हणून ढिगावर काय लावले यापेक्षा काय आपोआप उगवले, आणि त्याला फुले-फळे येऊन त्याचीच पुढची पिढी उगवली का, हा खरा प्रश्न. जिथे असे झाले तिथे जमीन सावरली म्हणायची. जिथे वीस वर्षांनंतरही फक्त लावलेल्या झाडांच्या सरळ रांगा आहेत आणि खाली काही नाही, तिथे ती अजून आजारी आहे, वरून कितीही हिरवी दिसो.

अमेरिकेने हे कायद्यात आणले, ते वाचून मी चकित झाले. १९७७ साली त्यांनी खुल्या कोळसा खाणींचा एक कायदा केला. खाण सुरू करण्याआधी कंपनीने मोठी रक्कम हमी म्हणून ठेवायची. खाण संपल्यावर जमीन सारखी करून स्थानिक, विविध प्रकारच्या वनस्पती लावायच्या. आणि शेवटचे बी पेरले त्या वर्षानंतर पूर्ण ५ वर्षे कंपनीची जबाबदारी. जिथे वर्षाला २६ इंच किंवा त्याहून कमी पाऊस पडतो (आपल्या येवला-नांदगावकडे असतो तसा), तिथे १० वर्षे. मध्येच पुन्हा पेरणी केली तर मोजणी पुन्हा पहिल्यापासून. पश्चिमेकडच्या वायोमिंग या राज्यात तर झुडपांचा वेगळा नियम आहे. ठरलेल्या जमिनीच्या पाचव्या हिश्श्यावर दर चौरस मीटरला एक तरी झुडूप हवे. कारण तिथले हरणांचे कळप आणि पक्षी त्या झुडपांवर जगतात. झुडूप रुजवणे गवत पेरण्यापेक्षा फार अवघड असते, आणि नियम नसता तर सगळ्यांनी गवत पेरून पैसे सोडवून घेतले असते.

आपल्याकडे केंद्रीय कोळसा मंत्रालयाने २००९ साली खाण बंद करण्याच्या आराखड्याचे नियम केले. खुल्या खाणीसाठी हेक्टरी ६ लाख रुपये या हिशेबाने रक्कम वेगळ्या खात्यात ठेवायची आणि काम होईल तशी ती टप्प्याटप्प्याने परत मिळायची. त्याच सुमारास, २००८ पासून, कोल इंडियाच्या खुल्या खाणींवर उपग्रहातून नजर ठेवणे सुरू झाले. रांचीची सीएमपीडीआय ही संस्था हे काम करते. वर्षाला ५० लाख घनमीटरांपेक्षा जास्त कोळसा-माती काढणाऱ्या खाणींची दर वर्षी आणि छोट्या खाणींची दर ३ वर्षांनी पाहणी होते. किती जागा खणली, किती परत भरली, किती जागेवर झाडोरा आला, याचे रंगीत नकाशे तयार होतात. हे फार मोलाचे काम आहे. पूर्वी कागदावर जे काय लिहिले ते खरे मानावे लागे, आता आकाशातून तपासता येते.

पण आकाशातून हिरवे दिसते, त्या हिरव्याचे नाव सहसा कळत नाही. बोर आहे की वेडी बाभूळ, हे बघायला पायीच जावे लागते.

वेडी बाभूळ काय करते ते चंद्रपूरकरांना विचारावे. हे अमेरिका खंडातले काटेरी झुडूप १८७० च्या दशकात भारतात आणले गेले, म्हणजे वरोऱ्याची खाण आणि हे साधारण एकाच वयाचे. कोरड्या, नापीक जमिनीवर हिरवळ यावी म्हणून ते आणले आणि ते काम त्याने फारच मनावर घेतले. गुरे त्याच्या शेंगा खातात आणि बी सगळीकडे टाकतात. पडीक जागा, रेल्वेचे काठ, खाणीचा परिसर, कुठेही ते घट्ट जाळी करते. चौकोन आखून झुडपे मोजली तर या जाळीला पैकीच्या पैकी गुण मिळतील. पण त्या जाळीत दुसरे फारसे काही उगवत नाही, आणि माणूस आत शिरू शकत नाही. जनावर मात्र शिरते. ताडोबा तिथून हाकेच्या अंतरावर. वाघ आणि बिबटे खाणींच्या आणि वीज केंद्राच्या परिसरातल्या या झाडीत येऊन राहू लागले. फेब्रुवारी २०२२ मध्ये लागोपाठ दोन बळी गेले. वीज केंद्रातल्या कामगारावर वाघाने हल्ला केला आणि दुर्गापुरात एका मुलाला बिबट्याने नेले. त्यानंतर हीच झुडपे काढून टाकायची मागणी आणि मोहीम सुरू झाली. माझी बहीण सांगते, त्या दिवसांत अंधार पडल्यावर त्या बाजूला कोणी पोरांना घराबाहेर सोडत नसे.

आता याला काय म्हणायचे? रान परत आले म्हणून आनंद मानायचा, की चुकीचे रान आले म्हणून कपाळाला हात लावायचा? वाघ तिथे राहतो हे रान चांगले असल्याचे प्रशस्तिपत्र आहे, असे काही लोक म्हणतात. मला ते पटत नाही. वाघाला दडायला जागा मिळाली एवढेच त्यातून सिद्ध होते. त्याच जागी गवत, बोर, धायटी, बांबू असे मिश्र रान असते, मधे मोकळ्या पट्ट्या असत्या, तर हरणे जंगलाच्या बाजूला राहिली असती आणि वस्तीच्या कडेला अशी आंधळी जाळी उभी राहिली नसती. म्हणून झुडपांची संख्या मोजणे पुरत नाही, कोणते झुडूप आणि कुठे, हेही लिहावे लागते.

आपल्या भाषेत झुडपाला तसा मान नाही. झाडाला आपण देव मानतो, गवताला चारा म्हणतो, झुडूप म्हणजे अडचण. पण विदर्भाच्या महसुली दप्तरात एक शब्द पिढ्यान्‌पिढ्या आहे, "झुडपी जंगल". नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या जिल्ह्यांतल्या, शेतीला न जमणाऱ्या, गावाची गुरे चरायच्या जमिनींची ही नोंद. ही पडीक की जंगल, यावर वर्षानुवर्षे वाद चालला. २२ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की झुडपी जंगल हे वनच मानायचे. सुमारे ८६ हजार हेक्टरांचा हा प्रश्न होता. म्हणजे ज्याला आपण नुसते झुडूप म्हणून हिणवत होतो त्याला देशाच्या सर्वोच्च न्यायालयात जागा मिळाली. त्याआधी ८ जानेवारी २०२० रोजी त्याच न्यायालयाने आणखी एक गोष्ट सांगितली होती. खाणकाम संपल्यावर त्या जागेवर पुन्हा गवत उगवून द्या, चारा, वनस्पती आणि प्राणी वाढतील अशी ती जमीन करा. मला हा आदेश फार शहाणपणाचा वाटतो. त्यात झाडांचे आकडे नाहीत, त्या जमिनीवर पुन्हा काय जगू शकेल याचा विचार आहे.

कारण एक गोष्ट आपण स्पष्ट बोलायला हवी. कोळशासाठी घेतलेली जमीन मूळ शेतकऱ्याला सहसा परत मिळत नाही. १९५७ च्या कोळसा क्षेत्र संपादन कायद्याखाली ती जाते ती सरकारी कंपनीकडे, आणि २०२२ साली केंद्र सरकारने खाणकाम संपलेल्या अशा जमिनी उद्योग-प्रकल्पांना भाड्याने देण्याचे धोरण मंजूर केले. मोबदला मिळतो, काहींना नोकरी मिळते. पण त्या शेताच्या बांधावरची बोरी, ओढ्याकाठची निरगुडी, गायरानावरचे गवत यांचा मोबदला कोणाच्या नावे लिहायचा? ते कोणा एकाचे नव्हतेच, गावाचे होते. ज्यांच्याकडे शेत नव्हते, दोन बकऱ्या होत्या, त्यांचे तर तेवढेच होते. शेत परत देता येणार नसेल तर निदान गावाचे हे रान परत द्या, एवढे मागणे अवाजवी नाही. आणि ते परत आले की नाही, हे कंपनीच्या अहवालापेक्षा बकऱ्या राखणारी बाई चांगले सांगेल. तिला कोणते झुडूप बकरी खाते आणि कोणते नाही, हे तोंडपाठ असते.

आमच्या नाशकात सातपूरजवळच्या फाशीच्या डोंगरावर आपलं पर्यावरण या संस्थेने आणि शेकडो नागरिकांनी २०१५ पासून देशी झाडांची देवराई उभी केली. तो खाणीचा ढिगारा नव्हे, साधा उजाड डोंगर. तरी तिथेसुद्धा रोपे लावण्याच्या एका दिवसापेक्षा नंतरची पाणी घालण्याची, वणवा राखण्याची वर्षे जड गेली, हे तिथे जाणाऱ्या कोणालाही विचारा. नैसर्गिक डोंगराची ही कथा, तर उलट्या थप्पीच्या डोंगराला किती वर्षे लागतील?

म्हणून मला वाटते, प्रत्येक बंद झालेल्या खाणीशेजारच्या गावच्या शाळेला ५ मीटरचे दहा चौकोन द्यावेत. दोरी, चार खुंट्या, एक वही, बस्स. दर वर्षी दिवाळीच्या सुटीआधी मुलांनी जायचे, काय उगवले ते लिहायचे, नाव माहीत नसेल तर आजीला विचारायचे. (आजीला नक्की माहीत असते, आणि या निमित्ताने आजीलाही कोणी काही विचारेल.) दहा वर्षांत त्या वहीत जे साठेल ते उपग्रहाच्या नकाशाशेजारी ठेवले तर दोन्ही मिळून खरे चित्र दिसेल. भूगोलाच्या धड्यात जे वाक्य नव्हते, ते त्या मुलांनीच लिहिलेले असेल.

चंद्रपूर, वणी, उमरेड या भागांत आपले कोणी नातेवाईक वा ओळखीचे असतील, तर त्यांना एक प्रश्न जरूर विचारा. ढिगाऱ्यावर तुम्ही न लावता काय उगवले आहे? उत्तर आले की मला कळवा, मी टिपून ठेवते आहे.